केंद्रातली खाट आणि घरातला दिवाण: काळजीवाहक घडवणाऱ्या प्रशिक्षण केंद्रांना खुले पत्र

प्रति,
संचालक व प्रशिक्षक,
जनरल ड्यूटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड हे अभ्यासक्रम चालवणारी महाराष्ट्रातील सर्व केंद्रे

विषय: मूल्यमापनाआधीचे पंधरा दिवस प्रश्नसंचाऐवजी हातांना देण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

बॅच संपत आली की बहुतेक केंद्रांत एकच दृश्य दिसते. सीपीआरची, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबण्याच्या सरावाची, डमी कपाटात जाते, प्रश्नसंचाची झेरॉक्स बाहेर येते आणि मुली ‘नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०’ असे पाढे म्हणत बसतात. लेखीत त्या पास होतात. आमची तक्रार त्यानंतरची आहे.

जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे वॉर्डातली मदतनीस (कोर्सचा क्रमांक एचएसएस/क्यू५१०१), आणि होम हेल्थ एड, म्हणजे घरी पेशंट सांभाळणारी (एचएसएस/क्यू५१०२), हे कागदावर दोन वेगळे कोर्स. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या कित्येक मुली काळजीवाहक पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत घरोघरी बारा नाहीतर चोवीस तासांच्या ड्यूटीवर जातात. वॉर्डात काही बिनसले तर हाक मारायला सिस्टर असते. घरात मुलगा ऑफिसला गेलेला, सून बाजारात, आणि आजोबांपाशी ही एकटी. शिकवणी मात्र सगळी वॉर्डाची. खाटेला खालीवर करायचा हँडल, बाजूला कठडे, चारही बाजूंनी फिरायला जागा. घरातला दिवाण गुडघ्याएवढा बुटका, भिंतीला चिकटलेला, आणि कठडा नावाला नाही. हॉस्पिटलच्या खाटेवर शिकलेली मुलगी तिथे पहिल्याच आठवड्यात कंबर धरून बसते.

म्हणून पहिली मागणी साधी आहे: प्रॅक्टिकलच्या खोलीत एक जुना दिवाण आणा आणि तो मुद्दाम भिंतीला लावा.

कूस बदलणे त्याच्यावर शिकवा. पेशंटला आपल्याकडे वळवायचे तर आधी त्याला पलीकडच्या कडेला सरकवावे लागते, नाहीतर वळल्यावर तो थेट काठावर येतो. ही पायरी मुली हमखास विसरतात, कारण खाटेचा कठडा त्यांची चूक झाकतो. सरकवायचे तीन टप्प्यांत: आधी डोके-खांदे, मग कंबर, मग पाय. एकटीने करायचे तर एक गुडघा दिवाणावर टेकवून, पाठ सरळ ठेवून. खांद्यापासून मांडीपर्यंत पोचेल अशी चौघडी चादर अंगाखाली असेल तर जोर निम्म्यावर येतो आणि कातडी घासत नाही. पलीकडचा गुडघा दुमडायचा, पलीकडचा हात छातीवर घ्यायचा, आणि मग एक हात खांद्यामागे, दुसरा कमरेमागे ठेवून वळवायचे. दंडाला धरून ओढायचे नाही. अर्धांगाच्या पेशंटचा लुळा खांदा ओढल्याने निखळतो, आणि तो दुखरा खांदा मग महिनोन् महिने व्यायाम करू देत नाही. भिंतीकडे वळवायचे असेल तर कपाळ आणि गुडघे भिंतीवर आपटू नयेत म्हणून आधी उशी लावायची.

दिवाणावरून खुर्चीत बसवणे ही पुढची परीक्षा. केंद्रात व्हीलचेअर असते, तिला ब्रेक असतो. घरात प्लास्टिकची खुर्ची असते आणि ती फरशीवर सटकते. तिची पाठ भिंतीला किंवा जड कपाटाला टेकवल्याशिवाय पेशंटला उठवायचेच नाही. खुर्ची चांगल्या अंगाच्या बाजूला, थोडी तिरकी. पेशंटचे तळवे जमिनीवर सपाट आणि किंचित मागे. मग त्याला पुढे वाकवायचे. नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे आले की बूड आपसूक सुटते. कमरेला रुंद कापडी पट्टा, तो धरून आधार द्यायचा. काखेत हात घालून उचलू नये. लुळ्या पायाचा गुडघा वाकून दगा देतो, म्हणून आपला गुडघा त्याच्यापुढे लावून ठेवायचा. आणि पायात मोजे असतील तर आधी काढायचे. एवढ्याशा गोष्टीने माणूस पडतो.

बेडसोरबद्दल, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमेबद्दल, ‘दर दोन तासांनी कूस बदला’ एवढेच वाक्य मुलींना पाठ असते. पूर्ण नव्वद अंशांत कुशीवर झोपवले की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलते ठेवायचे. पोटरीखाली उशी द्यायची, टाच अधांतरी राहिली पाहिजे. टाचेखाली पाण्याने भरलेले हातमोजे ठेवण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यात पाणी एका बाजूला सरकते आणि दाब तिथेच राहतो. रबरी रिंगही नको, ती कडेला रक्त अडवते. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडायचे: पांढरे पडून पुन्हा लाल झाले तर वेळ आहे, लालच राहिले तर जखमेची सुरुवात झाली, त्याच दिवशी घरच्यांना आणि नर्सला सांगायचे. त्या जागी तेल लावून चोळले तर आतला नाजूक भाग आणखी फाटतो. घरोघरी प्रेमाने हेच केले जाते, त्यामुळे आजीला न दुखावता ‘इथे चोळायचे नाही’ हे कसे सांगायचे, त्याचीही तालीम घ्या. एअर मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलणे बंद होत नाही, हेही.

आता सीपीआर. इथे डमीच मुलींना फसवते. दाबले की ‘टक्’ वाजते आणि मुली त्या आवाजासाठी दाबायला शिकतात. छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर आली पाहिजे. हात छातीवर रेलून राहिले तर हृदय भरत नाही आणि पुढचा दाब फुकट जातो. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे ३० दाब १५ ते १८ सेकंदांत. मोबाइलवर वेळ लावून बघा, निम्म्या मुली विशीनंतर रेंगाळलेल्या दिसतील. दोष त्यांचा नाही, आपल्या अंकांचा आहे. ‘एक, दोन, तीन’ झटपट होते, पण ‘सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस’ म्हणताना जीभ मागे पडते आणि हात जिभेसाठी थांबतात. एक ते दहा असे तीनदा मोजायला लावा, वेग टिकतो.

दुसरी गोष्ट, गादी. फोमच्या गादीवर दाबले की छातीऐवजी गादी दबते. बुटक्या दिवाणाचा एकमेव फायदा इथे होतो: चादरीसकट, डोके सांभाळत पेशंटला जमिनीवर उतरवता येते. डमीला रोज टेबलावरच ठेवून शिकवाल तर हे कधीच सुचणार नाही. एका बॅचला तरी डमी गादीवर, पांघरुणाखाली ठेवून द्या आणि काही न सांगता मुलीला खोलीत पाठवा. कुठे अडते ते लगेच दिसेल.

तिसरी गोष्ट, आचके. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटे माणूस कित्येकदा माशासारखा तोंड उघडून अधूनमधून आचका देतो. त्याला ‘श्वास चालू आहे’ म्हणायचे नाही. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दहा सेकंदांच्या आत ठरवून छाती दाबायला घ्यायची. तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण आणि साधन असेल तर ३० दाबांना २ श्वास. नसेल तर नुसते दाब, न थांबता. इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनने सामान्य माणसासाठी नुसत्या दाबांची ‘कॉल्स’ (कम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट) पद्धत याचसाठी ठेवली आहे. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचे हात ढिले पडतात आणि ते त्याला स्वतःला कळत नाही; शेजाऱ्यांना हाक मारून आलटून पालटून करायचे.

१०८ ला फोन स्पीकरवर टाकून करायला शिकवा. आणि फोनवर पत्ता विचारतात तेव्हा मुलगी गप्प होते, कारण घर तिचे नसते. ड्यूटीच्या पहिल्या दिवशी पूर्ण पत्ता, जवळची खूण, मजला, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते की नाही, घरच्या दोघांचे नंबर आणि पेशंटच्या डॉक्टरांचा नंबर ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवायचा. हा कागद प्रॅक्टिकलच्या वहीत प्रत्येकीकडून भरून घ्या.

घशात घास अडकण्याचे प्रसंग हृदय थांबण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा येतात, आणि ते बरेचसे भरवण्याच्या पद्धतीमुळे. पेशंट ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही. अर्धांगात लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, तो जेवणानंतर बघून साफ करायचा. गिळायला त्रास असणाऱ्याला पाणी सर्वांत अवघड जाते, दाट पेज त्यापेक्षा सोपी. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करायचे नाही. ठसका लागला की आपल्याकडे पहिल्यांदा पाण्याचा ग्लास पुढे येतो आणि ‘वर बघ, वर बघ’ सुरू होते. दोन्ही नकोत. जोरात खोकला येतोय तोवर खोकू द्यायचे. आवाज बंद झाला, हात गळ्याशी गेला, की पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरदार थापा, मग बेंबीच्या वर ५ झटके, आत आणि वरच्या दिशेने. असे आलटून पालटून. गरोदर बाईला किंवा पोटाला हात पुरत नसलेल्याला झटके छातीच्या मधोमध. बेशुद्ध पडला तर जमिनीवर घेऊन छाती दाबायला सुरुवात, आणि तोंडात घास दिसला तरच काढायचा. न दिसणाऱ्या घासाला बोटाने चाचपायला गेले की तो आणखी आत जातो.

भाजल्यावर काय, हे सगळ्यांना येते, म्हणून भरभर: नळाखाली २० मिनिटे, बर्फ नाही, हळद-टूथपेस्ट-तूप नाही, फोड फोडायचा नाही. बांगड्या आणि अंगठ्या सूज चढायच्या आत काढायच्या, मागाहून त्या कापाव्या लागतात. नळाला पाणी नसेल तर बादलीतून मगाने धार धरायची. ग्रामीण केंद्रांसाठी एक भर: नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी काहीही चावले तरी घट्ट दोरी बांधणे, चिरा देणे, चोखणे यांतले एकही करायचे नाही, चावलेला अवयव स्थिर ठेवून, न चालवता सरकारी रुग्णालय गाठायचे.

पक्षाघाताकडे मात्र थोडे थांबून बघा, कारण इथे काळजीवाहक बाई हीच घड्याळ असते. तोंड वाकडे, एक हात खाली पडतो, बोलणे अडखळते, ही लक्षणे सगळ्या शिकवतात. पण रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात, आणि हॉस्पिटलात पहिला प्रश्न येतो, ‘शेवटचे नीट कधी पाहिले?’ मुली सांगतात, ‘सात वाजता उठवायला गेले तेव्हा दिसले.’ उत्तर ते नव्हे. रात्री अडीचला लघवीला उठवले तेव्हा आजोबा नीट बोलले असतील तर अडीच ही वेळ. ती तिच्या नोंदवहीत असेल तरच सापडणार. हॉस्पिटलात पोचेपर्यंत पाणी, चहा, बीपीची गोळी, ॲस्पिरिन काही द्यायचे नाही. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाते, आणि मेंदूत रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढतो.

नोंदवही हाच आमच्या मते या कोर्सचा सर्वांत दुबळा कोपरा. ‘पेशंट बरे आहेत. जेवले. झोपले.’ यातून कुणाला काही कळत नाही. ‘दु. ३.१० – लघवी २५० मिली, गडद पिवळी. दु. ३.३० – ताक एक फुलपात्र, ठसका नाही. दु. ४ – डावी कूस, उजव्या खुब्यावर रुपयाएवढी लाल जागा, दाबल्यावर पांढरी पडते.’ ही नोंद झाली. केंद्रात मिली लिहिलेला ग्लास असतो, घरात नसतो. घरून वाटी, फुलपात्र, चहाचा कप आणि पेला आणायला सांगा आणि मापाच्या भांड्याने प्रत्येकात किती मावते ते मोजून घ्या. दोन घरांचे फुलपात्र सारखे निघत नाही, हे मुलींनी स्वतः पाहिले की ड्यूटीवर गेल्यावर पहिल्या दिवशी त्या आपणहून मोजतात.

आकडे घेण्यातल्या चुकाही ठरलेल्या आहेत. बीपी घेताना दंड हृदयाच्या उंचीवर नसेल, हात लोंबकळत असेल, पायावर पाय टाकला असेल, पेशंट नुकताच संडासहून आला असेल किंवा जाड दंडाला छोटा पट्टा बांधला असेल, तर आकडा वाढीव येतो. पाच मिनिटे शांत बसवून, पट्टा बाहीवर न बांधता, बोलणे बंद ठेवून घ्यायचे. ग्लुकोमीटरला आंबा सोलल्या हाताचा थेंब दिला की साखर चढलेली दिसते. साबणाने हात धुवून कोरडे करायचे, स्पिरिट लावले तर ते वाळू द्यायचे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आणि पेशंट शुद्धीवर असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही नाही, कुशीवर वळवायचे आणि १०८.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम म्हणजे पिवळा, लाल, पांढरा, निळा, एवढे पाठांतर होते. घरात या पिशव्या नसतात. सुई आणि लॅन्सेट (साखर तपासताना बोट टोचायची सुई) झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत टाकायचे, टोपण परत लावायला जायचे नाही. रक्त सांडले तर १ टक्का हायपोक्लोराइट: बाजारातले ब्लीच ५ टक्क्यांचे असेल तर एक भाग ब्लीच, चार भाग पाणी. त्यात संडास धुण्याचे ॲसिड मिसळले तर विषारी वायू निघतो, बंद न्हाणीघरात ते जिवावर बेतते.

आणि आता ती गोष्ट, जी प्रश्नसंचात एका ओळीत उरकली जाते: काय करायचे नाही. राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालणे, कॅथेटर (लघवीची नळी) घालणे, शिरेतून औषध देणे, गोळीचा डोस बदलणे हे तिचे काम नाही. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, मूत्राशयाच्या खाली टांगणे, जमिनीला न टेकवणे, ती दोनतृतीयांश भरली की रिकामी करणे, हे तिचे. घरचे लोक तिला ‘सिस्टर’ म्हणतात आणि मग म्हणतात, ‘सिस्टर, एवढं इंजेक्शन तुम्हीच देऊन टाका, नर्स पाचशे रुपये घेते.’ नाही म्हणायची सवय नसलेली मुलगी हो म्हणते. ‘काका, हे माझ्या कामात बसत नाही, मी नर्सताईंना फोन लावून देते’ हे वाक्य वर्गात मोठ्याने, एकमेकींसमोर, दहादा म्हणवून घ्या. पहिल्या तीन वेळी त्या हसतील. हसू द्या.

सामाजिक बाजूही अशीच हातात आणून द्यावी लागते. अंघोळ घालताना ज्या भागाचे काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी अंग चादरीखाली. दार लावलेले. काय करणार ते आधी सांगायचे, पेशंटला बोलता येत नसले तरी. पहिल्या दिवशी पेशंटच्या अंगावरचे दागिने घरच्यांसमोर वहीत लिहून सही घ्यायची. चोरीचा आळ याच एका कागदाने टळतो. पेशंटचा फोटो स्टेटसला नाही. म्हाताऱ्या माणसाला मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणे दिसले तर ज्येष्ठांसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळूनही न कळवणे हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, हे तिला नेमके माहीत पाहिजे. आणि तिच्या स्वतःसाठी: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण धरले आहे. पेशंटच्या घरात कुणी अंगचटीला आले तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे शिकवणारे केंद्र आम्हाला क्वचित दिसते. का, ते तुम्हीच ठरवा.

मूल्यमापनाच्या दिवसाबद्दल थोडेसे. गुण जातात ते अज्ञानाने कमी, गप्प राहिल्याने जास्त. परीक्षकाला मनातले दिसत नाही. ‘मी हात धुते, साबणाने ४० ते ६० सेकंद’, ‘आजी, मी तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतेय, चालेल ना?’, ‘आता खुर्ची पक्की आहे का बघते’ असे प्रत्येक पायरीला बोलत करायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा. शेवटच्या दिवशी ती लागत नाही. काम झाल्यावरचे हात धुणे सर्वाधिक विसरले जाते. नखे कापलेली, हातात बांगडी-घड्याळ नाही, केस बांधलेले, हे परीक्षक खोलीत शिरताच बघतो. तोंडीत इंग्रजी शब्द अडला तर मुलगी अख्खे उत्तर गिळते, म्हणून प्रत्येक शब्दाची जोडी करून घ्या: बेडसोर म्हणजे दाबाची जखम, व्हायटल्स म्हणजे नाडी-श्वास-ताप-बीपी.

यासाठी लागणारे सामान: एक जुना दिवाण, फोमची गादी, प्लास्टिकची खुर्ची, कमरेचा कापडी पट्टा, मापाचे भांडे, दोन मापांच्या पट्ट्यांचे बीपी मशीन आणि मुलींनी घरून आणलेली चार भांडी. डमी तुमच्याकडे आहेच. तिच्या कपाटाचे कुलूप-किल्लीचे रजिस्टर मात्र बंद करा, दुपारच्या सुट्टीतही ती जमिनीवर असू द्या.

आपल्या,
गृहशुश्रूषा शिकवणाऱ्या आणि तपासणाऱ्या काही परिचारिका